गावाच्या पानाची मशागत

१ मे २००३ रोजी, महाराष्ट्र राज्याच्या स्थापनादिनी, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. आणि त्यानंतरच्या दोन दशकांत, कोणाकडूनही मानधन न घेता, कोणत्याही सरकारी हुकमावाचून, निव्वळ भाषेविषयीच्या आस्थेने काम करणाऱ्या मोजक्या माणसांनी त्याची लेखसंख्या लाखाच्या घरात नेली. ज्या भाषेचे ८ कोटी ३० लाख भाषक २०११ च्या जनगणनेने नोंदवले, तिच्या मानाने ही संख्या फार मोठी म्हणता येणार नाही; तरीही तिच्यामागच्या श्रमांविषयी मला नितांत आदर आहे, आणि तो आदर ठेवूनच मी हे लिहितो आहे. माझे म्हणणे असे की, हा कोश आता ज्या टप्प्यावर येऊन पोहोचला आहे, तेथे नवे पान उघडण्यापेक्षा जुने पान वाढवणे हे अधिक निकडीचे काम झाले आहे, आणि ते काम थोड्या स्वयंसेवकांच्या खांद्यावर टाकून उरलेल्या मराठी सुशिक्षितांनी स्वस्थ बसणे योग्य नाही.

याचा पडताळा पाहावयाचा असेल तर गावांची पाने पाहावीत. महाराष्ट्रात ४० हजारांहून अधिक गावे आहेत आणि त्यांतील पुष्कळ गावांना विकिपीडियावर स्वतंत्र पान मिळालेले आहे. पान उघडले की पहिले वाक्य भेटते ते अमुक गाव अमुक जिल्ह्याच्या अमुक तालुक्यात आहे एवढेच सांगणारे. त्याखाली भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे असे मथळे ओळीने मांडलेले असतात, आणि अनेकदा त्या मथळ्यांखाली एक अक्षरही नसते. हवामानाविषयी कोठे चार वाक्ये असलीच, तर तीच वाक्ये शेजारच्या गावाच्या पानावर आणि त्याच्याही शेजारच्या गावाच्या पानावर जशीच्या तशी आढळतात. ज्यांनी ही पाने उघडली त्यांचा हेतू निर्मळ होता: चौकट आपण उभी करावी, आणि त्या गावचा शिकलेला मुलगा, शिक्षक, ग्रंथपाल, पुण्यामुंबईस किंवा परदेशी गेलेला रहिवासी पुढेमागे येऊन तीत मजकूर भरील. चौकटी उभ्या राहिल्या. भरणारा मात्र फार थोड्या ठिकाणी आला.

लेखांची संख्या ही ज्ञानाची मोजणी नव्हे, हे इतर भाषांच्या अनुभवावरून आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. फिलिपिन्समधील सेबुआनो भाषेच्या विकिपीडियात ६० लाखांहून अधिक लेख असून त्या मोजणीत इंग्रजीच्या खालोखाल त्याचे स्थान लागत आले आहे. पण त्यांतील बहुतेक सर्व लेख स्वेर्कर योहान्सॉन या स्वीडिश गृहस्थांनी रचलेल्या संगणकीय आज्ञावलीने भराभर निर्माण केलेले आहेत, आणि ते वाचण्यासाठी, दुरुस्त करण्यासाठी, वाढवण्यासाठी लागणारी माणसे त्या प्रमाणात तेथे नाहीत. स्कॉटलंडमधील स्कॉट्स भाषेची कथा याहून विषण्ण करणारी आहे. त्या भाषेच्या विकिपीडियावरील हजारो लेख अमेरिकेतील एका तरुणाने, ती भाषा मुळात येत नसताना, इंग्रजी वाक्यांतील शब्दांची रूपे बदलून लिहिले होते, असे ऑगस्ट २०२० मध्ये उघडकीस आले. हे काम त्याने वयाच्या बाराव्या वर्षी आरंभले होते आणि त्याच्या मनात काही कपट होते असेही दिसत नाही. परंतु ज्या भाषेला आपल्याच मुलखात प्रतिष्ठेसाठी झगडावे लागते, तिचे एक विद्रूप चित्र कित्येक वर्षे जगापुढे राहिले, आणि त्या वर्षांत ती भाषा खरोखर बोलणाऱ्यांपैकी पुरेशी माणसे ते चित्र पुसण्यास पुढे आली नाहीत. माझ्या मते त्या मुलाच्या अपराधापेक्षा ही अनुपस्थिती अधिक गंभीर आहे, कारण तशीच अनुपस्थिती आपल्याकडेही आहे.

आपल्याला कोशांची परंपरा नाही असे तर कोणी म्हणणार नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी कंपनी काढून, भागभांडवल उभारून, वर्गणीदार मिळवत महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले; तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईस बसून मराठी विश्वकोशाची उभारणी केली आणि १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड वाचकांच्या हाती आला. त्या कार्यालयांत विषयांची यादी ठरत असे, अभ्यागत संपादक नेमले जात, लेखकाकडून मजकूर आला नाही तर तगादा जाई, आलेला मजकूर तपासला जाई, आणि मगच तो छापखान्याकडे रवाना होई. या पद्धतीची एक मर्यादा होती, ती अशी की शेवटचा खंड निघेपर्यंत पहिल्या खंडातील माहिती जुनी झालेली असे आणि छापलेले पान पुन्हा उघडता येत नसे. विकिपीडियाने ही मर्यादा पार नाहीशी केली. पण तिच्याबरोबर तगादा करणारे दफ्तरही नाहीसे झाले, हे आपण ध्यानात घेतलेले नाही. येथे कोणीही कोणास काम नेमून देत नाही. पान अपुरे राहिले तर ते अपुरेच राहते, आणि त्याची चिंता वाहणारा माणूस आपण होऊन पुढे येईल तेव्हाच त्याचे भाग्य उजळते.

अशा एका पानाची वाढ कशी होऊ शकेल, हे उदाहरणाने सांगणे बरे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. १९५०-५१ साली ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी तेथे उत्खनन केले, तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी आणि तांबड्या पृष्ठावर काळ्या रंगाने नक्षी काढलेली मृत्पात्रे तेथे मिळाली, आणि तेव्हापासून ख्रिस्तपूर्व १४०० ते ७०० या सुमारास महाराष्ट्रात नांदलेल्या आद्य शेतकऱ्यांच्या संस्कृतीला पुरातत्त्वशास्त्रात या गावाचेच नाव चालत आले आहे. आता या गावाचे पान एखाद्याने हाती घेतले, तर त्याने प्रथम १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्या उत्खननाचा वृत्तांत मिळवावा, त्यातील तपशील स्वतःच्या शब्दांत मांडावा आणि प्रत्येक विधानाशेजारी पृष्ठाचा दाखला द्यावा. मग त्या पानावरून प्रवरा नदीच्या पानाकडे, सांकळियांच्या चरित्राकडे, त्याच नदीकाठच्या दायमाबादकडे, आणि डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ज्याचे उत्खनन केले त्या घोड नदीवरील इनामगावाकडे दुवे जोडावेत, आणि उलट त्या पानांवरूनही जोर्व्याकडे येण्याची वाट करून द्यावी. कारण ज्याच्याकडे दुसऱ्या कोणत्याही पानावरून येता येत नाही असा पोरका लेख कितीही चांगला असला तरी वाचकाला सापडत नाही. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतून लोकसंख्या, शाळा, पाणीपुरवठा यांचे आकडे वर्षासह घ्यावेत. गावच्या बाजाराचे, मंदिराचे, घाटाचे, पिकांचे छायाचित्र स्वतः काढून मुक्त परवान्याखाली विकिमीडिया कॉमन्सवर चढवावे. इतके झाले म्हणजे तोच मथळ्यांचा रिकामा सांगाडा हळूहळू एका जिवंत गावाचे रूप धारण करू लागतो.

या कामाला गॅझेटियरांचा फार उपयोग आहे. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांपैकी अहमदनगर जिल्ह्याचा खंड १८८४ मध्ये निघाला. त्यात बाजारपेठा, देवस्थाने, जमाबंदी, पीकपाणी यांच्या ज्या नोंदी आहेत त्या अन्यत्र सहसा मिळत नाहीत. मात्र जातींची आणि लोकस्वभावाची जी वर्णने त्या ग्रंथांत साहेबांच्या नजरेतून आली आहेत, ती आजच्या पानावर निर्विकारपणे उतरवून ठेवणे हे माझ्या दृष्टीने विद्वत्तेचे लक्षण नाही. ती कोणी, केव्हा आणि कोणत्या हेतूने केली हे सांगितल्यावाचून ती देऊ नयेत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहून गावाकडे आतून कसे पाहावे याचा एक धडा घालून दिला, आणि वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, दप्तरे धुंडाळून अस्सल कागद जमवले, त्याला आता शतक लोटले. त्या परिश्रमांचे फळ ग्रंथालयांच्या कपाटांत आहे, आणि ते गावाच्या पानापर्यंत पोहोचवण्यास आज फारतर एक संध्याकाळ आणि थोडी चिकाटी लागते.

येथे एक अडचण मला प्रांजळपणे मांडली पाहिजे, कारण गावातील जाणत्या मंडळींचा विरस होतो तो नेमका येथेच. विकिपीडियाचा शिरस्ता असा आहे की अन्यत्र प्रसिद्ध झालेल्या, पडताळून पाहता येण्याजोग्या आधारावाचून कोणतेही विधान तेथे ठेवू नये. मग सत्तरीतल्या एखाद्या आजींना १९७२ च्या दुष्काळात गावाजवळ रोजगार हमीवर कोणता तलाव खोदला गेला हे तोंडपाठ असले, तरी केवळ त्यांच्या आठवणीवर ते पानात घालता येत नाही, आणि घातले तर दुसरा संपादक ते काढून टाकतो. या नियमाचा राग येणे स्वाभाविक आहे. पण नियम मोडला तर उद्या गावच्या जत्रेचा मान कोणत्या घराण्याचा, वेशीवरचे मंदिर कोणी बांधले, अमुक पुढारी या मातीतलेच की नाहीत, या वादांचे पानावर रणक्षेत्र होईल आणि ज्याचा आवाज मोठा त्याचेच खरे ठरेल. म्हणून नियम राखूनच मार्ग काढला पाहिजे. आजींची आठवण कोणीतरी आधी छापली पाहिजे: तालुक्याच्या साप्ताहिकात, शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत, दिवाळी अंकात, ग्रंथालयाने काढलेल्या ग्रामइतिहासाच्या पुस्तिकेत. असे लेखन एकदा तारखेसह आणि लेखकाच्या नावासह प्रसिद्ध झाले की त्याचा दाखला देता येतो. विकिपीडियावरील आपले दारिद्र्य हे बऱ्याच अंशी स्थानिक मुद्रित लेखनाच्या दारिद्र्यातून आलेले आहे, आणि पहिले दूर करावयाचे तर दुसऱ्याकडे पाठ फिरवून चालणार नाही.

दुसऱ्याच्या पुस्तकातील उतारा जसाच्या तसा आणून चिकटवणे हा दोष आपल्याकडे फार आढळतो. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क असतो, आणि विकिपीडियावरील मजकूर मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध होत असल्यामुळे तेथे असा उतारा ठेवणे म्हणजे जे आपले नाही त्याचे दान करणे होय. आत्मस्तुतीच्या पानांविषयी अधिक काय लिहावे? ती निघतात, काढली जातात, पुन्हा निघतात, आणि ती काढण्यात प्रचालकांचा जो वेळ जातो त्यात दहा चांगली पाने वाढली असती.

अलीकडे यंत्राकडून भाषांतर करून पाने भरण्याचा मोह वाढला आहे आणि मला त्याची खरी धास्ती वाटते. इंग्रजी लेख यंत्राला द्यावा, त्याने दिलेला मराठी मजकूर न वाचता जतन करावा, अशा रीतीने एका दिवसात पन्नास पाने उभी करता येतील; पण त्यांतील क्रियापदे कर्त्याशी भांडत असतात, विशेषनामे चुकलेली असतात, आणि वाक्ये मराठी माणसाने कधी उच्चारली नसतील अशी असतात. संगणकाला भाषा शिकवणारी मंडळी विकिपीडियाचाच मजकूर सर्रास वापरतात, तेव्हा ही कृत्रिम मराठी उद्याच्या यंत्रांत मुरते आणि तेथून पुन्हा आपल्या मुलांच्या अभ्यासात येते. यंत्राचे साहाय्य घेऊ नये असे मी म्हणत नाही. परंतु जतन करण्यापूर्वी प्रत्येक वाक्य वाचून, मोडून, आपल्या भाषेच्या वळणावर आणून बसवण्याची ज्याची तयारी नसेल, त्याने ते पान रिकामेच ठेवावे. रिकामे पान वाचकाची फसवणूक तरी करीत नाही.

ज्यांना भीती वाटते की आपल्या हातून बिघडले तर काय, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की प्रत्येक पानाचा संपूर्ण इतिहास तेथे जपलेला असतो आणि झालेली चूक क्षणात मागे घेता येते. नवख्यासाठी धूळपाटी आहे, मतभेदासाठी चर्चापान आहे, मोठ्या प्रश्नांसाठी चावडी आहे. वाण पडली आहे ती एकाच पानाकडे वर्षभर लक्ष देणाऱ्या माणसांची. संपादनाची अभियाने भरतात, महाविद्यालयांत कार्यशाळा होतात, त्या दिवशी शेकडो नोंदी होतात आणि पारितोषिके वाटली जातात. पण त्या दिवशी उघडलेल्या पानांकडे वर्षानंतर कोणी फिरकले का, याची विचारपूस सहसा होत नाही. माझी सूचना अशी आहे की अभियानांचा हिशेब नव्या पानांवर न करता, आधीच्या वर्षी हाती घेतलेल्या पानांत किती संदर्भ वाढले, किती चुका दुरुस्त झाल्या, यावर करावा.

तालुक्याच्या शासनमान्य ग्रंथालयांना हे काम सर्वांत सुलभ आहे, कारण गॅझेटियर, कोश, जुनी नियतकालिके आणि वाचणारी माणसे ही चारही तेथे एका छपराखाली असतात. प्रत्येक ग्रंथालयाने आपल्या तालुक्यातील पाच गावांची पाने निवडून, दोन सभासद आणि जवळच्या महाविद्यालयातील इतिहासाचा किंवा मराठीचा एक अध्यापक यांच्याकडे ती सोपवावीत, आणि महिन्यातून एक दुपार त्यासाठी राखावी. वृत्तपत्रांनी आपले जुने अंक तारीखवार, कायम टिकणाऱ्या दुव्यांसह वाचकांना खुले ठेवावेत. आज दिलेला दाखला दोन वर्षांनी उघडत नाही आणि त्यामुळे चांगले विधानही निराधार ठरून काढले जाते, अशी तक्रार संपादन करणारे वारंवार करतात. जिल्हा परिषदांनी आपल्या प्रकाशनांवर मुक्त परवान्याचा उल्लेख छापावा म्हणजे त्यांतील नकाशे आणि छायाचित्रे कोणाचीही परवानगी न मागता पानांवर घेता येतील. या तिन्ही गोष्टींना नवे अंदाजपत्रक लागत नाही, आणि येत्या शैक्षणिक वर्षापासून त्या सुरू करण्यास कोणता अडसर आहे हे संबंधितांनी जाहीरपणे सांगावे.