मंगल पत्रिका

आमचा भाचा ग्राफिक डिझायनर आहे. म्हणजे नेमका काय आहे, हे त्याच्या आईला अजून उमगलेले नाही. पण त्याच्याबरोबर रस्त्याने जाऊ नये, एवढे आमच्या साऱ्या कुटुंबाला पक्के ठाऊक झाले आहे. तुम्हीआम्ही दुकानातला माल बघतो. हा पाट्या बघतो. आणि बघून गप्प बसेल तर शपथ!

मागे एकदा भाजी आणायला निघालो, तर एका दवाखान्याच्या इंग्रजी पाटीपाशी स्वारी थबकली. "मामा, कॉमिक सॅन्स! यांच्याकडे नाडी दाखवायला कोण जाईल?"

मी म्हटले, "अक्षरे चांगली हसरी आहेत की!"

झाले! भाजी राहिली बाजूला. हे वळण व्हिन्सेंट कॉनेअर यांनी १९९४ साली काढले. संगणकावरच्या चित्रातला कुत्रा टाइम्स न्यू रोमनमध्ये बोलतो, हे त्यांना खटकले म्हणून. वेळेत पुरे न झाल्याने कुत्र्याला ते मिळालेच नाही; मिळाले ते जगातल्या झाडून साऱ्या नोटिसांना. ४ जुलै २०१२ रोजी सर्न येथे हिग्ज बोसॉनसदृश कणाची घोषणा झाली, तेव्हा फॅबिओला जानोत्ती यांच्या पडद्यावरही हीच अक्षरे होती. सारे जग त्या कणाने हरखले. आमचा भाचा अक्षरांनी कष्टी झाला.

इंग्रजीचे एक वेळ सोडा. पण गेल्या महिन्यात भाचीचे लग्न ठरले, आणि छापखान्यातून पत्रिकेचा नमुना आला. भाच्याने तो हातात घेतला आणि म्हणाला, "मंगल!"

ताई खूश झाली. तिला वाटले, कार्य मंगल आहे असे म्हणतोय.

मंगल हे अक्षरवळणाचे नाव. र. कृ. जोशी यांच्यासारख्या थोर अक्षरकाराने ते संगणकाच्या पडद्यासाठी घडवले. त्याचे उपकार मी तरी विसरणार नाही. पूर्वी एका संगणकावर लिहिलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्यावर उघडावी, तर कालिदासाच्या जागी नुसते चौकोन आणि टिंबे! भाच्याचीही जोशींबद्दल तक्रार नाही. त्याचा राग आहे तो आपल्या आळसावर. संगणक उघडताच पुढ्यात आले, म्हणून पाणी बंद राहील तेही मंगल, भाड्याने देणे आहे तेही मंगल, आणि सनईचौघडेही मंगलच. शिवाय त्यातला 'ल' हिंदी धाटणीचा. मराठीला पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हवा, असे २००९ च्या शासननिर्णयात स्वच्छ सांगितले आहे. पण शासननिर्णय वाचून लग्नपत्रिका कोण छापतो?

"मजकूर कळल्याशी कारण," ताई म्हणाली. "उगाच खर्च वाढवू नकोस." मीही तिचीच री ओढली. मराठीचा प्राध्यापक असून ओढली, हे कबूल करतो.

भाचा काही बोलला नाही. उठला, कपाटाच्या खणातून एक कार्ड काढले आणि पत्रिकेशेजारी ठेवले. तीन वर्षांपूर्वीचे, आमच्या वडिलांच्या तेराव्याचे. तेच वळण, तीच जाडी. वरच्या ओळीचा आकारसुद्धा तोच. एकावर काळी चौकट, दुसऱ्यावर गणपती, एवढाच काय तो फरक.

वडील शाळामास्तर होते. मुलांचा हात धरून पाटीवर 'ल'ची पाकळी गिरवून घेत. बिघडली की ओल्या फडक्याने पुसून पुन्हा. त्यांच्या नावातही 'ल' होता. त्या कार्डाचे मुद्रित मीच तपासले होते, ऱ्हस्वदीर्घाची एक चूक राहू दिली नव्हती. आणि तो 'ल' मला दिसला नव्हता.

ताईने कार्ड उचलून चष्म्याजवळ धरले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "दुसरे वळण घ्यायला किती पडतील रे?"

"काही नाही. एक टाइपवाल्यांचे 'मुक्ता' फुकट मिळते. 'ल'सुद्धा आपला आहे."

फुकट म्हटल्यावर छापखानेवाल्याचाही इलाज चालला नाही. पत्रिका छान झाली. वाटेत मात्र भाचा पुटपुटलाच, की हल्ली जिथे तिथे हे 'मुक्ता' फार दिसायला लागले आहे.

तेराव्याचे कार्ड मी परत खणात ठेवले. त्याआधी पेन घेऊन वडिलांच्या नावातल्या 'ल'ला पाकळी काढून पाहिली. गुळगुळीत कागद, शाई जरा फुटलीच.