दुसऱ्या राज्यातली गाडी आणि कोऱ्या फॉर्मवरची सही

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत हल्ली दिल्ली-हरियाणा पासिंगच्या गाड्या बऱ्याच दिसतात. कुणाचा भाचा, कुणाचा साडू तिकडे गाड्यांचा व्यवहार करतो. मोबाईलवर फोटो येतात, इथल्या बाजारापेक्षा किंमत बरीच कमी असते. आयुष्यभर मोटारसायकलवर बायकोमुलांना नेणाऱ्या माणसाला चारचाकीचे स्वप्न आवाक्यात आल्यासारखे वाटते. हा मोह मला समजतो आणि स्वस्त गाडी घेण्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो ती गाडी वर्षानुवर्षे परक्या माणसाच्या नावावर चालवण्याला. आपल्या समाजात हा प्रकार इतका रुळला आहे की त्यात काही गैर आहे असे वाटेनासे झाले आहे.

आधी स्वस्ताईचे कारण पाहू. दिल्ली परिसरात 10 वर्षांवरील डिझेल आणि 15 वर्षांवरील पेट्रोल गाड्या चालवू नयेत असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्याच्या अंमलबजावणीचे आदेश दिले. पुढे यावर वाद आणि फेरफार होत राहिले, पण तिथल्या मालकाच्या मनात धास्ती बसली. चांगल्या चालणाऱ्या डिझेल गाडीचीही तिथली किंमत पडली. ही गाडी महाराष्ट्रात आणणे कायद्याने शक्य आहे आणि सौदा प्रामाणिक असू शकतो.

दुसरे कारण मात्र लपवले जाते. चेन्नईचा 2015 चा पूर, केरळचा 2018 चा पूर, अशा आपत्तींत असंख्य गाड्या पाण्याखाली जातात. धुऊनपुसून त्यातल्या काही लांबच्या राज्यात विकल्या जातात, कारण तिथे त्यांचा इतिहास कुणाला ठाऊक नसतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, चिखलाच्या पाण्याची रेघ अनेकदा तिथेच सापडते. कार्पेट उचला, सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज पाहा. मीटर मागे फिरवले असेल तर सर्व्हिसिंगच्या जुन्या नोंदींशी किलोमीटर जुळत नाहीत.

आता खर्चाकडे येऊ. विक्रेत्याने सांगितलेली किंमत ही पूर्ण किंमत नसते. मूळ आरटीओकडून एनओसी घ्यावी लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरल्याचा कागद लागतो. दुसऱ्या राज्यातली गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची असेल तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. आधीच्या राज्यात भरलेल्या कराचा परतावा मागायचा तर अर्ज तिथेच करायचा, खेटेही तिथेच घालायचे. हे सगळे किमतीत मिळवले की स्वस्ताई बरीच उतरते. काही वेळा तर उरतच नाही.

इथेच पळवाट सुरू होते. विक्रेत्याने टीटी फॉर्मवर, म्हणजे 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर, कोऱ्या सह्या करून दिलेल्या असतात. घेणारा ते कपाटात ठेवतो. कर वाचला, आरटीओची चक्कर वाचली. वर्षा-दोन वर्षांनी तो त्याच कोऱ्या सह्यांवर गाडी तिसऱ्याला विकतो. कायद्यात मुदती स्पष्ट आहेत. राज्याबाहेर विकल्यास विक्रेत्याने 45 दिवसांत कळवायचे, घेणाऱ्याने 30 दिवसांत. पण आपल्याकडे उत्तर ठरलेले असते : "अहो, ओळखीचे भाई आहेत, काही होत नाही."

होते काय ते ऐका. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेक हातांतून गेली होती, पण नोंदणी पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली. 2009 मध्ये त्या गाडीने अपघात झाला, एक जीव गेला. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ठरवले की नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. गाडी विकून दोन वर्षे झालेल्या माणसावर हा बोजा आला. तुम्ही नाव बदलले नाही तर दिल्लीतल्या कुणा अनोळखी निवृत्त माणसाच्या मानेवर तुम्ही असेच ओझे ठेवता. तुमचेही नुकसान आहेच. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी 14 दिवसांत कंपनीला कळवायचे असते. तसे केले नाही तर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

आपल्यातले अनेकजण म्हणतात, मुसलमानाचा शब्द पुरेसा आहे, कागद कशाला? मला हा युक्तिवाद दीनच्याही विरुद्ध वाटतो. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची 282 वी, नमाज-रोज्याबद्दल नाही. ती देण्याघेण्याची मुदतीची नोंद लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. कुणी म्हणेल, हातोहात व्यवहाराला तिथे लिहिण्याची सवलत आहे. आहे, पण दुसऱ्या राज्यातल्या गाडीचा व्यवहार हातोहात असतो का? पैसे आज जातात, एनओसी महिन्याने येते, नाव त्यानंतर बदलते. मधल्या काळात विक्रेता तुमचा देणेकरी असतो आणि तुम्ही त्याच्या नावाचे अमानतदार. हा मुदतीचाच व्यवहार झाला.

विकणाऱ्यांसाठीही एक गोष्ट आहे. पैगंबरांनी (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतले धान्य ओले निघाले. वरचे कोरडे दाखवून आतले ओले झाकणाऱ्याला त्यांनी फसवणारा ठरवले. पुरातली गाडी पॉलिश करून विकणे याहून वेगळे नाही. गॅरेज, स्पेअर पार्ट आणि जुन्या गाड्यांच्या धंद्यात आपली माणसे मोठ्या संख्येने आहेत, म्हणून ही गोष्ट जुम्याच्या बयानात यायला हवी.

"गरीब माणसाने कर भरायचा, एजंटला द्यायचे, मग गाडी घ्यायचीच नाही का?" हा प्रश्न खोटा नाही. आरटीओची कामे किचकट आहेत, एजंटशिवाय पान हलत नाही असा अनुभव अनेकांना येतो. पण अर्धवट कागदांची शिक्षाही गरिबालाच जास्त होते. रात्री नाक्यावर परराज्याचा नंबर, आरसीवर तिसऱ्याचेच नाव आणि चालवणारा आपला विशीतला मुलगा, असे असेल तर चौकशी किती लांबते हे आपल्याला सांगायला नको. गाडी चोरीची निघाली तर गाडी जाते, पैसे जातात आणि पोराच्या मागे पोलीस ठाण्याचे हेलपाटे लागतात.

म्हणून एवढे तरी करा. टोकन देण्याआधी परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून मालक, विमा, कर्ज आणि नोंदणीची मुदत पाहा. चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा. एनओसी आपल्या जिल्ह्याच्या आरटीओच्या नावे आहे ना, बघा. करार लिहून घ्या, पैसे बँकेतून द्या आणि काही रक्कम एनओसी हाती येईपर्यंत राखून ठेवा. इथला कर किती बसेल हे आधी विचारा आणि तो धरूनच भाव करा. जो विक्रेता याला तयार नाही, त्याची गाडी सोडून द्या.

हे फॉर्म बहुधा इंग्रजीत असतात आणि माझ्या उर्दू शाळेतल्या मुलांचे वडील ते न वाचता सही करतात. म्हणून दहावीच्या वर्गात अर्जलेखन शिकवताना मी हे फॉर्म फळ्यावर उतरवतो. कुठे विक्रेत्याची सही, कुठे घेणाऱ्याची, तारीख का सोडायची नाही, हे मुले चटकन शिकतात. त्याच 282 व्या आयतीत लिहिता येणाऱ्याने लिहिण्यास नकार देऊ नये असेही बजावले आहे. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या प्रत्येक मुला-मुलीने ही जबाबदारी आपली समजावी. शेजारचे चाचा गाडी घ्यायला निघाले की त्यांच्याबरोबर बसून फॉर्म वाचावा, भरावा, आणि कोऱ्या जागेवर कुणालाही सही करू देऊ नये.