कंधमालचा ख्रिस्ती आपला कोण लागतो?

अभ्यासवर्गात आम्ही कंधमालचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो. आपण बौद्ध, ते ख्रिस्ती. त्यांचं ते पाहून घेतील, आपला काय संबंध? हे विचारणाऱ्या मित्रांना आमचा उलट प्रश्न आहे : तिथे जाळलेली घरं कोणाची होती?

२३ ऑगस्ट २००८ रोजी ओडिशातील कंधमाल जिल्ह्यात विश्व हिंदू परिषदेचे नेते लक्ष्मणानंद सरस्वती आणि आणखी चार जणांची हत्या झाली. जबाबदारी माओवाद्यांनी घेतली. सूड मात्र ख्रिश्चनांवर उगवला गेला. सरकारी हिशेबाने जवळपास ४० माणसं मारली गेली. चर्चच्या संघटना हा आकडा १०० च्या आसपास सांगतात. हजारो घरं जळाली. ५० हजारांहून जास्त लोक जंगलांत आणि छावण्यांत गेले. त्यांत कंध आदिवासी होते, पण बहुसंख्य पाण जातीचे. म्हणजे कालचे अस्पृश्य.

गावात परत यायचं तर अनेकांपुढे एकच अट ठेवली गेली : हिंदू व्हा. धाकापुढे काही जण वाकले. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण असंख्य लोकांनी घर सोडलं, शेत सोडलं, धर्म सोडला नाही. 'तांदळासाठी बाटलेले' असं ज्यांना हिणवलं जातं, त्यांची ही गोष्ट. पोटासाठीच धर्म बदलला असता तर पोटासाठीच तो परत बदलणं किती सोपं होतं! ज्या दिवशी श्रद्धेची किंमत छपरानं मोजायची वेळ आली, त्या दिवशी त्यांनी ती मोजली. दलिताला स्वतःची बुद्धी नसते, त्याला कोणीतरी फूस लावतं, हा मनुवादी समज तिथेच खोटा ठरला.

हेच बोल १९५६ नंतर आपल्याही वाट्याला आले नाहीत काय? मेलेली ढोरं ओढायचं नाकारलं म्हणून गावोगाव बहिष्कार आपणही भोगला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. शिखांना तो १९५६ ला मिळाला. बौद्धांना १९९० उजाडावं लागलं. दलित ख्रिस्ती आणि मुस्लिम अजून बाहेर आहेत. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्येच धर्माची अट काढा, असं सांगितलं होतं. परिणाम काय? पाण ख्रिश्चनाचं घर जात पाहून जाळलं, तरी अ‍ॅट्रॉसिटी कायदा त्याच्या कामी येत नाही. गाव त्याला अस्पृश्य मानतं, कागद मानत नाही.

काही जण म्हणतील, चर्चमध्येही जात आहे. आहेच. बाबासाहेबांनीही त्यावर स्पष्ट बोट ठेवलं होतं, आम्हीही ठेवतो. पण चर्चशी असलेला आपला वाद विचारांचा आहे. मशाल घेऊन आलेल्या जमावाशी वाद वेगळा. पहिला वाद दाखवून दुसऱ्यात गप्प बसणं ही तटस्थता नव्हे, पळवाट आहे.

आणि ही आग आपल्या दारापर्यंत आली नाही, असं समजू नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीत दीक्षा समारंभात २२ प्रतिज्ञा घेतल्या गेल्या, म्हणून तिथे हजर असलेल्या राजेंद्र पाल गौतम यांना मंत्रिपद सोडावं लागलं. एप्रिल २०२४ मध्ये गुजरात सरकारने परिपत्रक काढून, हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जायलाही जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागेल असं बजावलं. 'फसवून धर्मांतर' रोखण्याच्या नावाने केलेला कायदा शेवटी आपल्याच दीक्षेपाशी येऊन उभा राहिला.

१९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं, तेव्हा कोणाची परवानगी मागितली नव्हती. संविधानाच्या कलम २५ मध्ये सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य आहे. ते बौद्धाला वेगळं आणि ख्रिश्चनाला वेगळं नाही.

म्हणून आमचं आवाहन साधं आहे. वस्तीशेजारच्या प्रार्थनासभेवर जमाव चालून आला, तर तिथे निळा झेंडा घेऊन उभे राहा. पोलीस ठाण्यात तक्रार लिहायला सोबत जा. धर्माची अट काढण्याच्या मागणीत आपला आवाज मिळवा. आरक्षणातला वाटा कमी होईल या भीतीचं उत्तर लोकसंख्येप्रमाणे वाटा वाढवून मागणं हे आहे, भावाला दाराबाहेर ठेवणं नव्हे.

कंधमालचा ख्रिस्ती आपला कोण लागतो? तो आपल्यासारखाच जातीच्या कोंडवाड्यातून बाहेर पडलेला माणूस आहे. वाट वेगळी धरली, इतकंच.

जय भीम!