प्रवासिनीचें पाथेय

अंबाजोगाईच्या एका वाचकभगिनींचें पत्र आमच्याकडे आलें आहे. त्यांच्या पुतणीस लंडनच्या एका विद्यापीठांत एक वर्षाच्या अभ्यासक्रमासाठीं प्रवेश मिळाला आहे. घरांतील वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, त्याच सुमारास जाणारें ओळखीचें कोणी मिळालें तरच तिला पाठवावें. एरवीं प्रवेश गेला तरी चालेल. अशी सोबत कोठें मिळेल, अशी त्या बाईंची पृच्छा आहे.

सोबत शोधण्यांत प्रवेशाची मुदत घालवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. विमानांत शेजारीं बसलेला गृहस्थ विमानतळावर आपली पेटी उचलून चालूं लागतो. पुढील बारा महिने मुलीनें आपलें आपणच निभवावयाचें असतें. तेव्हां सोबतीपेक्षां शिदोरीची चिंता अधिक करावी. वाटेच्या शिदोरीस संस्कृतांत पाथेय म्हणतात. त्यांत दशम्या-धपाट्यांबरोबर माहितीही बांधून द्यावी लागते. शिवाय ज्या गांवीं योगेश्वरी वैजनाथाशीं ठरलेल्या विवाहाचा मुहूर्त टळल्यावर एकटीच राहिली अशी कथा सांगतात, त्या गांवच्या मंडळींनीं मुलीच्या एकटेपणाला इतकें भ्यावें, याचें आम्हांस थोडें नवल वाटलें.

या मार्गानें आपल्याकडील स्त्रिया पूर्वींही गेल्या आहेत. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिल महिन्यांत कलकत्त्याहून बोटीनें निघाल्या, तेव्हां त्यांचें वय अठरा वर्षांचें होतें. पति बरोबर नव्हते. मिशनरी स्त्रियांची सोबत होती, आणि जूनमध्यें अमेरिकेस पोहोंचल्यावर कार्पेंटरबाईंनीं त्यांस आपल्या घरीं नेलें. १८८६ त फिलाडेल्फिया येथें त्या डॉक्टर झाल्या व २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत क्षयानें वारल्या. हें चरित्र घरोघर धैर्याचें उदाहरण म्हणून सांगतात. परमुलखांत ऊब आणि अन्न यांची तजवीज किती जरूर असते, हेंही त्यावरून मुलींना सांगावें, असें आम्हांस वाटतें. रखमाबाई १८८९ त लंडनला गेल्या, १८९४ त वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि पुढें सुरत व राजकोट येथें त्यांनीं दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

आतां व्यवहाराकडे वळूं. घरांतील पहिली आज्ञा बहुधा अशी असते कीं, दिवेलागणीच्या आंत घरीं ये. ही आज्ञा लंडनांत पाळतां येत नाहीं. डिसेंबरांत तेथें दुपारीं चार वाजण्यापूर्वींच सूर्य मावळतो, म्हणजे विद्यार्थिनीस शेवटचा तास सोडूनच निघावें लागेल. उलट जूनमध्यें तो नऊनंतर मावळतो. तेव्हां दिवेलागण सोडून घड्याळाचा नियम करावा. त्यांतही एक मेख आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारीं तेथील घड्याळें एक तास पुढें करतात व आक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं पुन्हां मागें आणतात. त्यामुळें आपला वेळ त्यांच्यापेक्षां उन्हाळ्यांत साडेचार तास व हिंवाळ्यांत साडेपांच तास पुढें असतो. ती उन्हाळ्यांत रात्रीं साडेनऊला खोलीवर परतली, तर बीडांत दोन वाजलेले असतात. एवढ्या रात्रीं आजीबाईंनीं फोन उशाशीं घेऊन बसूं नये. 'पोहोंचलें' एवढा एक शब्द तिनें लिहून ठेवावा व तो सकाळीं वाचावा. बोलणें तिच्या सकाळीं साडेसातला ठेवावें. तेव्हां येथें बारा किंवा एक वाजतो व पानें मांडलेलीं असल्यानें सारें घर एकत्र सांपडतें. एखादे दिवशीं उत्तर आलें नाहीं तर किती तास थांबावयाचें आणि मग कोणाला विचारावयाचें, हें निघण्यापूर्वींच ठरवावें. न ठरविल्यास पहिल्याच चुकलेल्या फोनाला घरांत रडारड होते, आणि ती मुलगी पुढें आपल्या अडचणी घरीं सांगेनाशी होते. ही हानि कोणत्याही चोरीपेक्षां मोठी आहे.

आमच्या बीड शहरांत आगगाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं. लंडनांत ती जमिनीखालून १८६३ पासून धांवत आहे. तिची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. मात्र तिचा जो नकाशा स्थानकांत लावतात तो १९३३ पासून एका विशिष्ट पद्धतीनें काढलेला असतो. त्यांत गाड्यांचे सांधे दिसतात, अंतरें खरीं नसतात. लेस्टर स्क्वेअर व कॉव्हेंट गार्डन या स्थानकांमध्यें पायीं जेमतेम पांच मिनिटांचें अंतर आहे, तेथें गाडीचें भाडें भरणें व्यर्थ होय. फलाटावर गाडी पूर्वेस जाणारी कीं पश्चिमेस, हें वाचून मगच चढावें. प्रवेशद्वारीं जें कार्ड टेकविलें तेंच बाहेर पडतांना टेकवावें. आंत जातांना फोन व बाहेर येतांना कार्ड वापरल्यास दोन अपुरे प्रवास समजून जबर भाडें कापून घेतात. बसमध्यें तर २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहींत. सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूस उभें राहावें. डावी बाजू घाईच्या लोकांची.

रस्त्याच्या कडेस उभें राहून फोनवर नकाशा पाहण्याचा मोह आवरावा. दुचाकीवरून येऊन हातांतील फोन हिसकावून नेण्याचे प्रकार त्या शहरांत फार होतात. दुकानांत शिरून अथवा भिंतीस पाठ लावून पाहावें. राहण्याचा पत्ता, विद्यापीठाचा क्रमांक व घरचा क्रमांक कागदावर लिहून अंगावर बाळगावा, आणि एक कार्ड खोलींतच वेगळें ठेवावें. रात्रीं काळी टॅक्सी हात करून थांबवितां येते. इतर भाड्याची मोटार आधीं नोंदवूनच बोलवावी लागते, म्हणून जो चालक आपण होऊन 'कोठें सोडूं' असें विचारतो त्यास नकार द्यावा. संकटसमयीं ९९९ किंवा ११२ हा क्रमांक आहे. आगगाडींत कोणी त्रास दिल्यास ६१०१६ या क्रमांकावर नुसता संदेश धाडला तरी रेल्वे पोलिसांस कळतें. आजारपणांत काय करावें हें विचारण्यासाठीं १११ आहे, परंतु पत्ता निश्चित होतांच जवळच्या दवाखान्यांत नांव नोंदवावें. ताप येण्याची वाट पाहूं नये.

खरी फसगत होते ती खोलीच्या बाबतींत. न पाहिलेल्या घरासाठीं अनामत मागणारे अनेक भेटतात. पहिले कांहीं महिने विद्यापीठाच्या वसतिगृहांत काढावे, मग डोळ्यांनीं पाहून खोली घ्यावी. इंग्लंडमधील २०१९ च्या कायद्यान्वयें सामान्य घरासाठीं पांच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक अनामत मागतां येत नाहीं, आणि नेहमींच्या भाडेकरारांत ती तीस दिवसांच्या आंत मान्य योजनेंत सुरक्षित ठेवण्याचें बंधन घरमालकावर आहे. सरकारी अधिकाऱ्याचा आव आणून 'पैसे भरा, नाहीं तर हद्दपार करूं' असें फोनवर धमकावणारे तेथेंही आहेत. आपल्याकडील 'डिजिटल अरेस्ट'चे ते भाऊबंदच. फोन ठेवावा व विद्यापीठाच्या कचेरींत जाऊन चौकशी करावी.

अन्नाविषयीं आमच्या वाचकांना विशेष उत्सुकता असते. गांधीजी १८८८ त लंडनला गेले तेव्हां शाकाहारी खानावळीसाठीं अर्धपोटीं मैलोगणती हिंडले. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर ती सांपडली. आज शाकाहार दुर्मिळ नाहीं, पण शब्दाचा अर्थ भिन्न आहे. आपल्या हिरव्या ठिपक्यांत अंडें बसत नाहीं. तेथील 'व्हेजिटेरियन' शब्दांत तें बसतें. त्याला उपाय सोपा आहे. वेष्टणावरील घटकांच्या यादींत अंडें, दूध, गहूं यांसारखे चौदा पदार्थ कायद्यानें उठून दिसतील असे छापावे लागतात. तेवढे शब्द पाहिले कीं पुरे. चीजमध्यें कित्येकदां वासराच्या जठरांतील द्रव्य असतें व लुसलुशीत गोळ्यांत जिलेटिन, म्हणून त्या दोहोंवर 'शाकाहारी' अशी खूण पाहूनच घ्यावें. अडीअडचणीस, आणि गणपतीच्या आरतीसही, डॉलिस हिल लेनवर १९३२ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तु आहे.

सामान बांधतांना मेतकूट, भाजणी, गोडा मसाला खुशाल द्यावा. तूप मात्र देऊं नये. पेढे, खवा यांचेंही तेंच. भारतांतून दुधाचे पदार्थ सामानांतून नेण्यास तेथें बंदी आहे व ते काढून घेतात. बिनमिठाचें लोणी तेथील कोणत्याही दुकानांत मिळतें. तें मंद आंचेवर कढवून, बेरी खालीं बसली कीं गाळून घ्यावें. हें कढविणें मुलीला येत नसल्यास निघण्यापूर्वीं एकदां घरींच करून दाखवावें.