बालमेंदूचा रासायनिक दाखला

मूल दोन वर्षांचे झाले तरी त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, मान धरत नाही, हातपाय त्याच्या स्वाधीन नाहीत, आणि एमआरआयचा अहवाल मात्र ‘विशेष दोष आढळला नाही’ एवढा शेरा मारून मोकळा होतो, तेव्हा मेंदूची घडण दिसणे निराळे आणि त्याचा अंतर्गत व्यवहार कळणे निराळे, हे आईबापांना जितके तीव्रतेने जाणवते तितके इतरांना क्वचितच जाणवत असेल.

तो व्यवहार त्याच यंत्रातून, क्ष-किरणांचा लवलेशही न वापरता, काही अंशी वाचता येतो. चुंबकीय अनुनाद वर्णपटीय प्रतिमांकन या लांबलचक नावाच्या पद्धतीत मेंदूच्या छेदाचे लहान लहान भाग पाडून प्रत्येकातील रसायनांचा वर्णपट घेतात; पण पाण्याच्या मानाने ही द्रव्ये हजारो पटींनी विरळ असल्यामुळे त्यांचा संकेत वेगळा काढणे म्हणजे काकडआरतीच्या घंटानादात तान्ह्याच्या पायातील वाळे ऐकण्यासारखेच होय. एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट चेतापेशींच्या प्रकृतीची साक्ष देते, लॅक्टेट वाढले की प्राणवायूच्या तुटवड्याचा संशय येतो. नवजात अर्भकात यांपैकी पहिले द्रव्य कमी व कोलीन अधिक असते, आणि पहिल्या दोनेक वर्षांत हे प्रमाण झपाट्याने पालटते. सबब बालकाचा वर्णपट समवयस्काच्याच वर्णपटाशी ताडून पाहावा लागतो.

जर्मनीतील ग्योटिंगेन येथील वैद्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेली एका २२ महिन्यांच्या मुलाची हकीकत या संदर्भात फार बोलकी आहे. त्याच्या मेंदूच्या वर्णपटात क्रिएटिनची रेषा जवळजवळ नव्हतीच. शरीर ते द्रव्य निर्माण करू शकत नव्हते. ते तोंडावाटे देताच रेषा हळूहळू उमटू लागली आणि मुलाची प्रकृतीही सुधारली. एका अज्ञात आनुवंशिक विकाराचा शोध आणि त्यावरचा उपाय असे एकाच रुग्णाच्या पायी हाती लागले. जन्मतः गुदमरलेल्या अर्भकांविषयी २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन-अमेरिकेतील अभ्यासातही, थॅलॅमसमधील एन-ॲसिटिल ॲस्पार्टेटच्या मापावरून दोन वर्षांनंतरच्या स्थितीचा अंदाज नेहमीच्या चित्रांहून चांगला बांधता आला.

म्हणून माझी शिफारस अशी, की निदान न झालेल्या विकासमांद्याच्या मुलाला एमआरआयसाठी भूल द्यावीच लागणार असेल, तर त्याच बैठकीत काही मिनिटे वाढवून वर्णपटही घ्यावा. मागाहून दुसऱ्यांदा भूल देण्याची पाळी आणणे हा त्या जिवावर अन्यायच आहे. परंतु धडधाकट मुलाची बुद्धी वर्णपटावरून मोजून घेण्याचा हौशी आग्रह डॉक्टरांनी निःसंकोच नाकारावा. समूहांच्या सरासरीत दिसलेला फरक एकट्या मुलाचे भवितव्य ठरवू शकत नाही, आणि तसे भासवून पैसे उकळणाऱ्यांना मी वैद्य म्हणणार नाही! संशोधनासाठी निरोगी मुले घ्यावयाची झाल्यास भूल वर्ज्यच समजावी. अर्भकाला पाजून, दुपट्यात गुंडाळून, कानांवर बंदोबस्त करून नैसर्गिक झोपेत तपासता येते. मोठ्या मुलाचे म्हणाल, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ७ वर्षांवरील मुलाची स्वतःची मान्यताही आवश्यक ठरविली आहे. त्या धडधडत्या बोगद्यातून त्याने ‘नको’ म्हटले, तर यंत्र तत्काळ थांबले पाहिजे.

ज्यांच्या घरी असे न बोलणारे मूल आहे, त्यांनी एमआरआयची तारीख घेतानाच वर्णपटाविषयी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.