शिकागोला माणसं, आलमूतला फक्त मारेकरी

'खेळच तर आहे, एवढं काय मनावर घ्यायचं?' हा युक्तिवाद मला मान्य नाही. शाळेच्या पुस्तकातला धडा मुलं परीक्षेनंतर विसरतात. खेळातून शिकलेलं विसरत नाहीत.

'व्हॅम्पायर : द मास्करेड' हा १९९१ साली अमेरिकेत निघालेला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे रक्तपिपासूंच्या भूमिका घेतात. गोष्ट खऱ्याखुऱ्या शहरात घडते. त्यासाठी शहरांची जाडजूड सोर्सबुक्स निघतात: गल्ल्या, इतिहास, सत्ता कोणाची, वैर कोणाशी. भुताखेतांना माझी हरकत नाही. जिन्नांच्या गोष्टी ऐकतच आपण मोठे झालो. हरकत आहे ती वाटणीला.

'शिकागो बाय नाइट' बघा. तिथला राजा लोडिन धूर्त आहे. शेजारच्या, पोलाद कारखान्यांच्या पडझडीने खचलेल्या गॅरी शहरात मोडियस आपली फाटकी गादी सांभाळतोय. प्रत्येकाला नाव, स्वभाव, स्वार्थ. आता पूर्वेकडे या. तिथे 'असमाइट' नावाचं अख्खं कूळ, राहणार आलमूतचं, धंदा सुपारी घेऊन खून करण्याचा. इतर रक्तपिपासू वयाबरोबर पांढरेफटक पडतात, हे मात्र काळे होत जातात. शिकागोत वाईट माणूस भेटतो. आलमूतला वाईट जमात भेटते.

खरं आलमूत काय होतं? हसन-ए-सब्बाहने १०९० मध्ये घेतलेला, १२५६ मध्ये मंगोलांच्या हाती पडलेला निझारी इस्माइलींचा किल्ला. त्यांनी राजकीय खून केले, हे खरं. पण त्याच काळात, १०९९ मध्ये, क्रूसेडरांनी जेरुसलेममध्ये कत्तल केली. तेवढ्यावरून युरोपातल्या सगळ्या ख्रिश्चनांना कोणी 'खुनी कूळ' ठरवत नाही. नसीरुद्दीन तूसीसारखा खगोलज्ञ निझारी किल्ल्यांत राहून लिहीत होता. आलमूतचं ग्रंथालय इतकं मोठं होतं की, इतिहासकार जुवैनीने कुरआनच्या प्रती आणि खगोलयंत्रं बाजूला काढली आणि 'पाखंडी' ग्रंथ जाळले. हशीशच्या नशेत खून करणाऱ्या फिदाईंची गोष्ट मार्को पोलोसारख्यांनी जगभर नेली. फरहाद दफ्तरी यांनी १९९४ साली एक आख्खं पुस्तक लिहून ती दंतकथा असल्याचं दाखवलं.

हे लोक आपल्यापासून लांबचेही नाहीत. पहिल्या आगाखानांची कबर मुंबईत माझगावच्या हसनाबादेत आहे. खोजा जमातीवरच्या त्यांच्या हक्काचा निकाल १८६६ साली मुंबई हायकोर्टात लागला, आणि त्या निकालपत्रात आलमूतचा इतिहास नोंदवला गेला. ज्यांना खेळात मारेकरी केलं, ते मुंबईतले शेजारी आहेत.

'नंतर सुधारणा झाली ना,' असं म्हणतात. झाली. त्या कुळात विद्वान आले, २०१८ च्या सुमारास नाव 'बनू हकीम' झालं. त्याच २०१८ मध्ये त्याच खेळाच्या एका पुस्तकात चेचन्या आलं. तिथे समलिंगी पुरुषांना पकडून छळल्याच्या बातम्या २०१७ मध्ये जगासमोर आल्या होत्या. पुस्तकाने सांगितलं की हा गाजावाजा म्हणजे रक्तपिपासूंच्या राज्यावरचा पडदा! ज्यांनी खरोखर मार खाल्ला, त्यांचं दुःख कथेची क्लृप्ती झालं, आणि छळणारे हाडामांसाचे अधिकारी सुटले. टीका झाल्यावर मालक कंपनी पॅराडॉक्सने माफी मागितली, तो भाग काढला आणि व्हाइट वुल्फचा स्वतंत्र कारभार बंद केला.

याच व्हाइट वुल्फने १९९७ साली ज्यूंच्या नरसंहारावर पुस्तक काढलं होतं. त्यात नाझींच्या गुन्ह्याचं खापर भुतांवर फोडलं नाही. पाप माणसांचं, माणसांच्याच खाती ठेवलं. म्हणजे भान ठेवता येत होतं. ग्रोझनीच्या वेळी ठेवलं नाही.

आपल्यातले काही लगेच बंदीची मागणी करतील. त्यांनाही माझा विरोध आहे. बंदीने आलमूतचं जळालेलं ग्रंथालय परत येत नाही, उलट 'हे लोक चिडके' हा शिक्का पक्का होतो. इंग्रजी येणारी, फासे टाकणारी, रात्र-रात्र गोष्टी रचणारी आपली मुलं-मुली आहेत. त्यांनी माझगावचं, मालेगावचं, औरंगाबादचं सोर्सबुक लिहावं. त्यात यंत्रमागांचा खडखडाट असावा, दर्गा असावा, लबाड नगरसेवक असावा, जिन्नही असावा. आपल्यातला खलनायकही खुशाल रंगवावा, फक्त त्याला शिकागोच्या लोडिनसारखं स्वतःचं नाव आणि स्वतःचा स्वार्थ असावा. आणि जे पालक अशा मुलांना 'वेळ वाया घालवतोस' म्हणून गप्प करतात, त्यांनी मग दुसऱ्यांनी लिहिलेल्या आलमूतबद्दल तक्रार करू नये.