एसटीच्या रेडिएटरपुढे काच

आमच्या नातवाने २०२५ च्या मार्चमध्ये स्वतःचा कॉम्प्युटर जुळवला. हौस त्याची, पैसे माझ्या मुदत ठेवीतले. तेव्हा दोन शब्द बोलायचा अधिकार मलाही आहे, असे समजून लिहितो.

त्याला 'वॉटर कूलिंग' हवे होते. त्याचा प्रोसेसर भर कामात २५३ वॅटपर्यंत वीज खातो, म्हणून त्याला निदान कारण तरी होते. (६५ वॅटच्या प्रोसेसरवर लोक हा थाट करतात, त्यांना काय म्हणावे!) पण सगळ्यात आधी त्याने निवडले ते कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा डबा. कशावरून? तर समोर काच, बाजूला काच आणि आत रंगीबेरंगी दिवे. दुकानदाराने तेच पुढे केले, व्हिडिओवाले तेच दाखवतात. हवा आत कुठून येणार, हे कोणीच विचारले नाही. मीही नाही. मला तेव्हा कळतच नव्हते.

आम्ही अकोल्याचे. 'पाण्याने गार' म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे खिडकीतला कूलर येतो, आणि घोटाळा तिथेच होतो. कूलरमधला वाळा भिजतो, पाण्याची वाफ होते आणि ती होताना हवेतली उष्णता घेते, म्हणून खोली गार होते. कॉम्प्युटरमधले पाणी नळीत बंद असते. त्याची वाफ होत नाही. ते नुसते हमाल! प्रोसेसरवरची उष्णता उचलायची आणि रेडिएटरपाशी नेऊन टाकायची. पुढचे काम हवेचेच. खोलीत ४२ अंश असतील तर ते पाणी ४२ च्या खाली जाणारच नाही, वरच राहणार. पाणी ६० अंशांच्या आत ठेवा, असे बरेच उत्पादक सांगतात. म्हणजे मे महिन्यात आमच्या हातात उरतात जेमतेम १८ अंश.

आणि अशा रेडिएटरपुढे काच लावायची? एसटीच्या तोंडावर जाळी असते ती काय शोभेला? तिथे कोणी काच बसवली तर ड्रायव्हर गाडी डेपोबाहेर काढणार नाही.

दुसरी गंमत खोक्यावरच्या आकड्याची. '३६० चा रेडिएटर बसतो' हे ठळक. कुठे बसतो, ते बारीक अक्षरात. ३६० म्हणजे १२० मिलिमीटरचे तीन पंखे. प्रत्यक्ष रेडिएटर ४० सेंटिमीटरच्या आसपास लांब असतो, कारण दोन्ही टोकांच्या टाक्या त्या आकड्यात धरलेल्याच नसतात. जाडी साधारण २७ मिलिमीटर, त्यावर पंख्याचे २५, झाले ५२. आमच्या डब्यात वरच्या बाजूला तेवढी जागा नव्हती, रॅमच्या पट्ट्या आडव्या येत होत्या. शेवटी तो बसला समोर, काचेमागे, आणि त्यातून निघालेली गरम हवा थेट ग्राफिक्स कार्डावर. त्यातल्या त्यात बरे एवढेच की रेडिएटरचे वरचे टोक पंपापेक्षा उंच राहिले. नाहीतर नळीतली हवा पंपात जमते आणि तो कुरकुरत बसतो.

मे महिन्यात दुपारी खेळता खेळता कॉम्प्युटर मंदावू लागला. प्रोसेसर फार तापला की स्वतःच वेग कमी करतो. दुकानातून सल्ला आला : आणखी दोन पंखे लावा. काचेमागे आणखी दोन पंखे! मी नातवाला म्हटले, आधी ती काच तर काढून बघ. त्याने नाखुशीने काढली. अर्ध्या तासात स्क्रीनवरचा आकडा ११ अंशांनी खाली आला, एक पैसा खर्च न करता.

तुम्ही म्हणाल, जाळीतून धूळ येते. येते ना. ती काचेच्या कडेच्या फटीतूनही येतेच. जाळीमागची गाळणी सहज निघावी आणि नळाखाली धुता यावी, एवढे बघून घ्या. आणि टेप घेऊन जा दुकानात. हसले तर हसू देत.

"आबा, पण दिसायला नको का चांगला?" असे तो विचारतो. दिसू दे की! बाजूची काच मी कुठे काढायला सांगितली? तिच्यामागे रेडिएटर नाही.

समोरची काच सध्या गोणपाटात गुंडाळून दिवाणाखाली ठेवली आहे. थंडी पडली की परत लावायची, असे त्याचे म्हणणे आहे. मी हो म्हटले आहे.